मामांचे विदाऊट

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत, प्लास्टिकच्या मगात, एक रोप पाण्यात ठेवलेलं होतं. रविवारची सकाळ होती. फोन सुनीतानं, माझ्या बायकोनं, घेतला. "हो... हो... निघतो लगेच," एवढंच बोलली आणि रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिली. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे वसंतराव, पहाटे झोपेतच गेले होते. ती भिंतीला टेकून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो, आणि न्हाणीघराच्या उघड्या दारातून माझी नजर त्या मगाकडे गेली. त्या वेळी माझ्या मनात जो पहिला शब्द आला तो लिहायला हात कचरतोय. पण आता लिहायचंच ठरवलंय. तो शब्द होता : सुटलो.

'मामा सुटले' असं लोक म्हणतात, तसं नाही. मी सुटलो. त्या मगातलं रोप आता मला चोरून लावावं लागणार नव्हतं. गेली काही वर्षं मी माझ्या सासऱ्यांच्या फुलबागेत रानातली अनोळखी रोपं आणून गुपचूप लावत होतो, आणि ती आपोआप उगवली आहेत असं त्यांना भासवत होतो. चांगल्या हेतूनं केलं, हे खरं. पण माणूस गेल्यावर हेतूचा फारसा आधार वाटत नाही. आपण एका हुशार माणसाला त्याच्या शेवटच्या वर्षांत मूर्ख बनवलं की काय, एवढाच प्रश्न उरतो. मी फार बोलणारा माणूस नाही. घरात काही नाजूक विषय निघाला की मी पेपर उघडतो, असं सुनीता म्हणते आणि ते खोटं नाही. त्यामुळे हे कुणाला सांगितलं नव्हतं, तिलासुद्धा. मगातलं रोप सुतकात कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, ते तिथंच वाळलं.

मामांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, मनमाडला, तिकीट तपासनीस म्हणून. (सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना मामी म्हणायची आमच्याकडची पद्धत. ते मला 'जावईबापू' म्हणायचे, निम्मं आदरानं आणि निम्मं चेष्टेनं.) नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाले आणि नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका कॉलनीत छोटं बैठं घर घेतलं. मनमाडला पाण्याची कायमची ओढाताण, त्यामुळे मामींनी जन्मभर डालड्याच्या डब्यात एक तुळस जगवली तेवढीच. नाशिकला नळाला रोज पाणी आलेलं बघून त्यांना काय करू आणि काय नको असं झालं. वर्षभरात पुढच्या अंगणात गुलाब, शेवंती, अबोली, मोगरा, कडेनं झेंडू, अशी बाग उभी राहिली. देवाला फूल विकत आणायचं नाही, हा मामींचा पण होता.

मामांना या फुलांत काडीचा रस नव्हता. "शेवंतीला तिकीट आहे," ते म्हणायचे. "तिच्याशी माझं काय काम?" त्यांचं काम होतं ते शेवंतीच्या आळ्यात बिनबोलावता येऊन बसलेल्यांशी. त्यांना ते 'विदाऊट' म्हणायचे, म्हणजे बिनतिकिटाचे. सकाळी चहा झाला की लुंगी खोचून बागेत उतरायचे आणि एकेका वाफ्यापुढे वाकून उभे राहायचे, डब्यात शिरल्यासारखे. केना, आघाडा, घोळ, आंबुशी हे रोजचे पासवाले, त्यांना नुसती ओळख द्यायची. पण एखादा अनोळखी दोन पानी कोंब दिसला की मामांचा चेहरा असा खुलायचा की बस. "कोण बुवा आपण? कुठून आलात?" आणि लगेच मामींना हाक, "अगं, इथं एक विदाऊट आलाय. खुरपं लावू नकोस."

इथून पुढे दोघांचं जुंपायचं. मामी म्हणायच्या, "माझी शेवंती उपाशी मरते आणि तुमचे फुकटे गलेलठ्ठ होतात." मामांचं उत्तर ठरलेलं. "गाडी चालू असताना कुणाला उतरवता येत नाही. स्टेशन येऊ दे." स्टेशन म्हणजे फूल. फूल आल्याशिवाय झाडाचं नाव सांगता येत नाही, आणि नाव माहीत नसलेल्याला बाहेर काढायचं नाही, असा त्यांचा कायदा. नोकरीतही ते तसेच होते म्हणे. रात्री-अपरात्री भलत्या ठिकाणी त्यांनी कधी कुणाला उतरवलं नाही. अपवाद एकच, गाजरगवत. ते दिसलं की हाताला फडकं गुंडाळून पहिल्या पानावरच उपटायचे. "हा सराईत आहे," म्हणायचे. "याचं नाव-गाव विचारण्यात अर्थ नाही."

ओळख पटवायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. पान चुरगळून हुंगायचं. देठ बोटांत फिरवून बघायचं, चौकोनी लागला की "हा तुळशीच्या नात्यातला दिसतो." पान तोडून चीक येतो का बघायचं. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. मग फुलाची वाट. फूल आलं की फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला धरून आणायचे. असंच एकदा मी तिथं असताना एक बारकंसं झाड फुललं होतं, लांब काडीवर एकच पिवळसर-पांढरं फूल. मामा म्हणत होते एकदांडी. शेजारच्या सटाण्याच्या वहिनी कुंपणावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "हाई तं कंबरमोडी शे, भाऊ!" तेवढ्यात सायखेड्याची फुलवाली पाटी घेऊन आली. तिनं दोघांनाही उडवून लावलं. "नाय ओ, दगडी पाला हाय ह्यो. इळा लागला का चोळायचा, रगत थांबतं लगेच. लय गुणाचा." मामा कंबरेवर हात ठेवून त्या झाडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एकच पॅसेंजर आणि तीन नावांची तीन तिकिटं! आमच्याकडे याला आतच घातला असता."

आता यात गंमत अशी की मी शेतीच्या औषधांच्या धंद्यात. एका कंपनीचा विक्रेता म्हणून मी तेव्हा मोटरसायकलवरून दिंडोरी, निफाड, पेठ, सायखेडा असा फिरायचो, आणि माझ्या बॅगेत हमखास तणनाशकाच्या नमुन्याच्या बाटल्या असायच्या. मामी म्हणायच्या, "मोहनराव, दिवाळीला मला साडी नको, त्यातली एक बाटली द्या." मामा हसायचे, पण मी दिसलो की पहिला प्रश्न, "जावईबापू, बॅग फाटकाबाहेर ठेवलीत ना?" मला तसा त्यांच्याशी फारसा बोलायचा सराव नव्हता. जावयाला पाट, पाणी, गरम पोळी, पण मोकळं बोलणं नाही, अशी आमच्या दोन्ही घरांची रीत. जावयाला उलटून काही विचारायचं नाही, त्याच्या हाताला काम लागू द्यायचं नाही. मी जायचो, जेवायचो, बागेत त्यांच्या मागं उभा राहायचो आणि परत यायचो.

दोन हजार सालाच्या आसपास मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की चालले तर सुधारतील, पडून राहिले तर पडूनच राहतील. मामा पडून राहिले. व्यायाम करून घेणारा एक माणूस यायचा, त्याच्याकडे पाठ करायचे. सुनीता रोज जाऊन विनवायची, रागवायची, रडायची. मामी चमच्यानं भरवायच्या. तो उभा-आडवा, सहा फुटी माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला बघवत नव्हता. त्यातच, मामींना बागेकडे बघायला वेळ नाही म्हणून कुणीतरी एक माळी लावून दिला होता आणि त्यानं सगळे वाफे असे साफ केले होते की मातीला कंगवा फिरवल्यासारखं वाटावं. एका संध्याकाळी मी पलंगाशी बसलो होतो. मामांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "बाहेर... नवीन... कुणी?" मामी म्हणाल्या, "नाही हो. सगळं स्वच्छ आहे." त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या 'स्वच्छ'वर त्यांचा चेहरा जसा पडला, तो मला घरापर्यंत दिसत राहिला.

त्याच आठवड्यात मी पेठला जाऊन परत येत होतो. सावळघाटात पाऊस उघडला होता. रस्त्याच्या कडेला हिरवंगार माजलं होतं, आणि त्यात एक नाजूक, बारीक पानांचं झुडूप होतं, हात लागला की पानं अर्धवट मिटणारं. कळ्या दिसत होत्या, फूल नव्हतं. मला नाव माहीत नव्हतं, आणि मामांनाही नसणार असं वाटलं. मनमाडच्या कोरड्या माळावरच्या माणसाला घाटातलं रान कुठून ठाऊक असणार? मी गाडी थांबवली, ते मातीसकट उकरलं आणि डब्याच्या पिशवीत घातलं. नाशिकला पोचल्यावर एक भीती वाटली. पेठेकडची माती तांबूस, मामींच्या बागेतली काळी. मामांच्या नजरेतून ते सुटलं नसतं. मग कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या नळाखाली मी मुळं स्वच्छ धुतली, आणि भर दुपारी, दोघं झोपलेले असताना, फाटक हळूच उघडून गुलाबाच्या आळ्यात ते रोप खोचलं. चाळिशीला आलेला जावई सासऱ्याच्या दारात तण लावतोय, कुणी बघितलं असतं तर काय सांगणार होतो?

दोन-तीन दिवसांनी सुनीता घरी आली ती हसत, रडत. मामींनीच मामांना म्हटलं होतं, "उठून बघा तरी, गुलाबात तुमचा एक विदाऊट आलाय." मामींच्या तोंडून तो शब्द घरात पहिल्यांदाच ऐकला, असं ती म्हणाली. मामा भिंतीकडून वळले. मग त्यांनी डावा हात पुढे केला. पलंगापासून ओट्यापर्यंत, मामींच्या खांद्यावर भार टाकून ते गेले, आणि खुर्चीत बसून त्या रोपाकडे बघत राहिले. पुढे ते फुललं, छोटी पिवळी फुलं आली. मामांनी आधी लाजाळू म्हटलं, मग स्वतःच खोडलं, काटे नाहीत आणि फूल पिवळं, लाजाळू कसं असेल? अखेर सुनीताला त्यांनी एक डहाळी देऊन पेठ नाक्यावर रानभाज्या विकायला बसणाऱ्या बायकांकडे पाठवलं. "कवळा," त्या म्हणाल्या. "भाजी करत्यात याची." तोपर्यंत मामा काठी घेऊन फाटकापर्यंत चालू लागले होते.

मग मी थांबू शकलो नाही. पावसाळ्यात घाटातून, हिवाळ्यात पाटाच्या कडेनं, उन्हाळ्यात सायखेड्याला नदीच्या पात्रातून. दर काही दिवसांनी एखादं रोप, मुळं धुतलेलं, दुपारचं. काही वेळा फजिती व्हायची. एकदा घाईत फूल असलेलंच रोप लावून बसलो. दुसऱ्या दिवशी मामा ओट्यावरून माझ्याकडे बघत, शब्द जुळवत म्हणाले, "काल नव्हता... आज फुलासकट. चालत्या गाडीत... चढलेला दिसतो." मी चहाचा कप तोंडाला लावला. तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला, "अहो, गुलाबामागे होता तो, तुम्हालाच दिसला नाही. चष्मा पुसा." मी मनातल्या मनात मामींचे आभार मानले आणि नशीब समजून गप्प बसलो. नशिबावर माणसाचा फार भरवसा असतो.

त्या वर्षांत मामा दुसऱ्याही एका बाबतीत बदलले. जन्मभर त्यांनी मामींना 'अगं ए' यापलीकडे हाक मारली नव्हती, कौतुक तर लांबच. ते आता रोज सकाळी डाव्या हातानं मोगऱ्याची, मोगरा नसेल तेव्हा अबोलीची, एक-दोन फुलं तोडायचे आणि मामींच्या चहाच्या बशीत ठेवायचे. तिकीटवाल्या फुलांना त्यांनी पूर्वी कधी हात लावला नव्हता. मामी सुरुवातीला बिथरल्या. "हे काय म्हातारपणी?" म्हणून बशी बाजूला सारायच्या. पण फूल मात्र केसात दिसायचं. आम्ही हसायचो. आजारपणानं माणूस मऊ होतो, एवढाच आम्ही अर्थ लावला होता.

खरा अर्थ मला मामा जायच्या थोडे दिवस आधी कळला. आम्ही दोघंच ओट्यावर होतो. मामी आत पोळ्या करत होत्या. मामांनी मला जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं आता सावकाश पण नीट समजायचं. "जावईबापू, एक सांगतो. कुणाला बोलू नका." मी मान हलवली. "ही झाडं... आपोआप येत नाहीत."

आता सगळं ओकून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर ते पुढे म्हणाले, "तुमच्या मामी लावतात."

मी वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"मी पाहिलंय. दुपारी. मी झोपलोय असं समजून बादली आणि तांब्या घेऊन बाहेर आली आणि त्या विदाऊटला पाणी घालत बसली. शेवंतीला नाही... विदाऊटला." ते थांबले, श्वास घेतला. "सगळा जन्म ही बाई उपटत आली हो. आता माझ्यासाठी लावतेय. हे बघितल्यावर माणसाला पडून राहता येतं का? तुम्हीच सांगा. उठायलाच लागतं." मग डोळे मिचकावून म्हणाले, "तिला कळू देऊ नका मला माहीत आहे ते. लाजेल."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच. 'बरं.' पुढे कित्येक दिवस मी त्या एका शब्दाला शिव्या घातल्या. खरं सांगितलं असतं तर त्यांच्या उठण्यामागचं कारणच काढून घेतलं असतं. नाही सांगितलं, तर मी फक्त रोपांबद्दल नाही, आता त्यांच्या संसाराबद्दलही त्यांना खोट्यात ठेवत होतो. दोन्हीकडून मीच अपराधी. ते एक खोटं मी वाहत होतो, त्यात त्यांनी आपल्या विश्वासाचं वजन घातलं होतं. म्हणून फोन आला तेव्हा सुटलो वाटलं. आणि त्या वाटण्याची पुन्हा लाज वाटली.

पण सुटलो कुठं होतो? दिवस-वार झाले, पाहुणे पांगले, आणि मामी एकट्या राहिल्या. मी रविवारी जायला लागलो. सुनीता भाजी आणायला गेली होती, अशा एका दुपारी मामी ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "मोहनराव, तुम्हाला काही बोलले होते का हो ते? शेवटी शेवटी माझ्याकडे बघून नुसते हसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, काही नाही. ते मोगऱ्याचं खूळ कुठून आलं, तेही कधी सांगितलं नाही. माझ्या मनाला लागून राहिलंय."

मी पेपर शोधला. ओट्यावर पेपर नव्हता.

"मामी," मी म्हणालो, "ती रानातली झाडं... मी आणून लावत होतो."

त्यांचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे?"

"पहिलं लावलंत त्याच दिवसापासून. दुपारी मी झोपते असं कुणी सांगितलं तुम्हाला? नुसती पडते. फाटकाची कडी वाजली म्हणून खिडकीतून बघितलं, तर आमचे जावई गुलाबाच्या आळ्यात उकिडवे बसलेले. मला वाटलं, बाई, करणी-बिरणी करतात की काय आमच्यावर!"

मला हसू येईना आणि रडू येईना. "मग काही बोलला का नाहीत?"

"जावयाला काय बोलायचं? अहो, माझ्या बागेत काय खुपसताय, असं?" आता त्यांनी कापूस खाली ठेवला. "आणि संध्याकाळी जाऊन बघितलं तर ते रोप मान टाकून पडलेलं. मुळं धुऊन, भर उन्हात, रोप लावतं का हो कुणी? तुम्ही औषधं विकता, तुम्हाला कुठून कळणार. पाणी घातलं, वर टोपली पालथी घातली, हे जागे व्हायच्या आत काढून ठेवली. असं दोन-तीन दिवस केलं तेव्हा त्यानं मान उचलली. मग म्हटलं यांना, की उठा, तुमचा विदाऊट आलाय. पुढे प्रत्येकाचं तेच. तुम्ही लावून मोटरसायकलवर बसून जायचात..."

"म्हणून मामांना..." मी म्हणालो, आणि थांबलो. इथंच खरी भीती होती. एवढं कळल्यावर पुढचं सांगितलं तर त्यांच्याकडचा मोगरा मी हिरावून घेणार होतो. त्यांना वाटेल, तो मोगरा चुकून आपल्या बशीत पडत होता, खरा जावयाच्या नावाचा होता. पण न सांगून आजवर काय मिळवलं होतं? मी सगळं सांगून टाकलं. ओट्यावरचं बोलणं, बादली आणि तांब्या, 'माझ्यासाठी लावतेय', 'पडून राहता येतं का', 'लाजेल'. शब्द न् शब्द. आणि मी 'बरं' म्हणून गप्प बसलो, तेही.

मामींनी बागेकडे तोंड वळवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"बघितलं होतं तर मला," त्या म्हणाल्या.

"मामी, त्यांचा गैरसमज झाला होता. मी तो तसाच राहू दिला. माझं चुकलं."

"कसला गैरसमज?" त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात जुनी, शेवंतीसाठी भांडणारी धार होती. "तुम्ही आणलीत. जगवली कुणी? तुमच्या हातचं एक तरी टिकलं असतं का? ते जन्मभर टीसी होते, मोहनराव. चुकीच्या माणसाला त्यांनी कधी धरलं नाही."

मी लहान मुलासारखा हुंदका देऊन रडलो. मामा गेल्यावर पहिल्यांदाच. छातीवरून काय उतरलं ते सांगता येत नाही, पण उतरलं. मामा फसले नव्हते. जिचे आभार मानायचे तिचेच त्यांनी मानले होते, रोज सकाळी, बशीत ठेवून. मी मधला हमाल होतो आणि हमालाचं नाव कुणी लक्षात ठेवत नाही, ठेवूही नये. एवढा हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

हे लिहू का, असं मी नंतर मामींना विचारलं. "लिहा," म्हणाल्या, "पण मुळं धुवायचात तेही लिहा, लोकांना कळू दे." म्हणून तेही लिहिलंय.

त्या दुपारी सुनीता यायच्या आधी मामी उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि बागेत उतरल्या. मीही मागोमाग गेलो. अबोलीच्या पलीकडे एक टोपली पालथी घातलेली होती. त्यांनी ती उचलली. खाली वीतभर वाढलेलं एक रोप होतं, लांबट, खरखरीत पानांचं. मी ते आणलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो.

"मी पण लावलं नाही," मामी म्हणाल्या. "असंच आलंय. नाव काय हो याचं?"

मी वाकलो. पान चुरगळून हुंगलं. देठ बोटांत फिरवून पाहिला, गोल होता. चीक नव्हता. "नाही सांगता येत," मी म्हणालो. "अजून फूल नाही आलं."

"मग असू दे," मामी म्हणाल्या, आणि रिकामी बादली त्यांनी माझ्या हातात दिली.